आत्याचं बोट

पाव्हण्यांच्या हाती पाण्याचे पेले गेले होते, चहा अजून चुलीवरच होता, आणि पोरगी सुया घेऊन बैठकीत आली. याला वागणं म्हणायचं का? दहा दिवस झाले, माणिकबाईच्या घशाखाली ही गोष्ट उतरत नव्हती. टोचायचं होतं तर टोचायचं, पण आधी चहा होऊ द्यायचा. अकोल्याहून अकरा माणसं घेऊन ती बाळापूरला गेली होती, सख्ख्या भावाच्या, बुधाजीच्या घरी, आपल्या गोवर्धनसाठी त्याची ललिता मागायला. मागायला तरी कसली, नुसती पक्की करायला. सतरंजीवर जुन्या शहरातले चार वडीलधारे बसलेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला बुधाजीनं सकाळीच घातलेला झेंडूचा हार. अशा बैठकीत मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन येते, पदर सावरते, नाव विचारलं की खाली मान घालून नाव सांगते. ललितानं पांढरा ट्रे आणला. त्यात कापूस, स्पिरिटची बाटली, सुया, आणि करंगळीहून बारीक काचेच्या नळ्या. पदर तिनं सावरला नाही, कमरेला खोचला आणि म्हणाली, "आत्या, बोट दे." एवढ्या बैठकीतून तिला पहिलं बोट आत्याचंच दिसलं. आणि जिनिंगच्या मुकादमालासुद्धा जिनं कधी वरच्या पट्टीत बोलू दिलं नव्हतं त्या माणिकबाईनं मुकाट्यानं बोट पुढं केलं. वडीलधाऱ्यांतल्या वामनरावांची पाळी आली तेव्हा म्हाताऱ्यानं हात काखेत लपवला. "माह्या रक्तात काय पाह्यतं, माय? त्यात तं अजून चहा बी नाई गेला." सगळे हसले. माणिकबाई हसली नाही. चहा आला तेव्हा गार झाला होता, आणि बोलणी कुठून धरायची ते कुणालाच सुचेना, कारण सगळे आपापल्या बोटाला लावलेला कापूस दाबून बसले होते. जणू लग्न जुळवायला नव्हे, देवी काढून घ्यायला आले होते.

मुर्तिजापूर मागं पडलं. एस.टी.च्या खिडकीतून कापूस फुटलेली शेतं सरकत होती आणि माणिकबाई डाव्या हाताचं मधलं बोट अंगठ्यानं चाचपत होती. टोचलेली जागा आता सापडतही नव्हती. टोचल्याचं दुखलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. दुखलं असतं, रक्त भळभळलं असतं, तर त्याच बैठकीत पोरीला दोन शब्द सुनावता आले असते. पण काय सफाई होती त्या हाताची. बोटाचं टोक धरलं, दाबलं, आणि हिनं डोळे मिटून उघडेपर्यंत नळीत लाल थेंब उतरलाही होता. वीस वर्षं माणिकबाईनं वेचणीला हात लावलाय. बोंडातला कापूस एका ओढीत, पाचोळ्याचा कण न येऊ देता कसा काढायचा हे शंभर बायांतल्या चौघींनाच जमतं, हे ती जाणते. हात कशाला म्हणतात ते तिला कुणी शिकवायची गरज नाही. ललिताला हात होता. हे कबूल करावं लागत होतं आणि कबूल करताना राग आणखी वाढत होता. चोळीत परवा आलेलं ललिताचं पोस्टकार्ड होतं. माणिकबाईची अक्षरओळख गोवर्धनच्या पाटीवरची, तो पहिलीत असताना त्याच्याबरोबर गिरवलेली; तिनं ते कार्ड अक्षर अक्षर लावत सकाळभर वाचलं होतं. "आत्यास जयभीम. साक्षगंधाची तारीख धरू नको. कारण कागदावर लिहिण्यासारखं नाही, डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे. अमरावतीला दवाखान्यात ये. एकटी ये." गोवर्धनला तिनं ते दाखवलं नाही. म्युनिसिपालिटीच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवणारा तिचा लेक, बाळापूरहून परतल्यापासून शीळ घालत आंघोळ करत होता. त्याला तिनं सांगितलं, "अमरावतीले कपडे पाह्यतो." त्यानं विचारलं नाही की अकोल्यात कपडे मिळत नाहीत का. शीळ मात्र थांबली.

नकारच असणार. दुसरं काय असतं कारणात? पोरगी मॅट्रिक झाली, नागपूरला जाऊन रक्त तपासायचं शिकून आली, सरकारी दवाखान्यात पांढरा कोट घालते. तिसरीचा मास्तर तिला आता बुटका वाटत असेल. आणि नकार म्हणजे एका लग्नाचा नकार नव्हता. भावाच्या मुलीवर बहिणीचा पहिला हक्क, हे माणिकबाईच्या घरात कुणी कधी ठरवलं नव्हतं, ते होतंच. तिला स्वतःला आत्यानंच सून करून नेलं होतं. पुंजाजी, तिचा नवरा, तिच्या आत्याचा मुलगा. घरचं रक्त घरात, अन्न कुणाच्या हातचं गोड लागेल ते माहीत असलेलं, भांडण झालं तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं ते ठरलेलं. धर्म बदलला, देव्हाऱ्यातले देव मोरणा नदीत सोडले, नागपूरच्या मैदानावर पांढरं पातळ नेसून तिनं बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, पण या गोष्टीला कुणी हात लावला नव्हता. ललिता बारा दिवसांची होती तेव्हा माणिकबाईनं पाळण्याशी जाऊन तिच्या पायांत चांदीचे वाळे घातले होते आणि एवढंच म्हटलं होतं, "ही माही." बुधाजीच्या बायकोनं डोळे पुसले होते. बास, झालं होतं. त्यावर आता बावीस वर्षांनी ही पोरगी सुई रोवून उभी राहते. आणि आपण काय करतो, तर तिनं बोलावलं म्हणून एस.टी.त बसतो. माणिकबाईला स्वतःचं हसू आलं. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं तेव्हा तिनं ते खोकल्यात लपवलं. आमच्या बाळापूरच्या रक्ताले खोट नाई, हे ती उभ्या जन्मात किती वेळा म्हणाली असेल. शेजारणीला, सासूला, मुकादमाला, पुंजाजीला तर रोज.

बडनेऱ्याला गाडी थांबली, एक बाई मुलाला कडेवर घेऊन चढली. मुलाच्या हाताची बोटं फुगलेली होती, सुजल्यासारखी गुबगुबीत, आणि माणिकबाईनं झटकन नजर शेतांकडे वळवली. मुलाच्या हातात लाडू होता, तो मुठीत कोंबल्यामुळं तशी दिसत होती बोटं, एवढंच. पण तेवढ्यानं मनात शेषू आला, तिचा थोरला. तो असाच येई, न बोलावता. शेषू वर्षाचा झाला तेव्हा त्याचे हात आणि पाय असे सुजले होते, आणि तो पाय टेकवेना, टेकवला की किंचाळे. म्हाताऱ्या म्हणाल्या, दृष्ट. मग डोळे पिवळे पडू लागले. म्हाताऱ्या म्हणाल्या, कावीळ; माळ घातली, ती माळ लांबत लांबत पोटावर आली आणि तुटली, आणि डोळे पिवळेच राहिले. खेळता खेळता तो एकदम बसायचा आणि गुडघा दोन्ही हातांनी आवळून धरायचा, म्हणायचा, "माय, हाडात कोणी चावून राहिलं." सात वर्षांचा झाला. माघातली सकाळ होती. मोरणेवर धुणं धुवायला जाताना तिनं त्याला बरोबर नेलं आणि अंगावर मळाचा थर पाहून त्याला धरून नदीत बसवलं, वरून तांब्यावर तांबे ओतले. तो ओरडत होता, थंडी, माय, थंडी. तिनं पाठीवर एक धपाटा दिला. धुणाऱ्या बाया हसल्या. दुपारी त्याच्या अंगात कळा सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी शेषू गेला. धपाट्याचं आणि पाण्याचं तिनं पुंजाजीलाही सांगितलं नाही. नंतर गोवर्धन झाला, धडधाकट, आणि तिनं त्याला पाच वर्षांचा होईपर्यंत एकदाही गार पाण्याला शिवू दिलं नाही. लोक म्हणत, माणिकबाई पोराले लोण्यात ठेवते. लोकांना काय. सत्तावीस वर्षं ती मोरणेच्या त्या घाटावर धुणं न्यायची टाळत आली होती, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, तिथला दगड गुळगुळीत आहे, पाय सरतो.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, चिंचेच्या झाडाखालून गेल्यावर, रक्त तपासायची खोली होती. स्पिरिटचा वास, टेबलावर निळा कागद, खिडकीशी काळ्या लोखंडाची दुर्बीण उभी करून ठेवल्यासारखं यंत्र. ललिता पांढऱ्या कोटात होती आणि कोटाच्या खाली माणिकबाईनंच दिवाळीला पाठवलेलं हिरवं पातळ.

"आली का, आत्या. कोणती गाडी भेटली?"

"गाडी कोणती बी असो. काहून बोलावलं ते सांग."

"सांगून कळण्यासारखं नाई. पाहा लागते."

"अन् मी दोन दिवस काय पाहून राहिली? पोस्टकार्डच पाहून राहिली ना."

ललितानं स्टूल पुढं ओढलं, त्यावरची धूळ कोटाच्या बाहीनं पुसली. मग म्हणाली, "परत एकदा बोट दे लागन, आत्या. त्या दिवशीचं मी तपासलं. पण तू मले खोटी म्हणशील. तुह्या डोळ्यादेखत काढलेलं पाहा."

खोलीत ना बैठक होती ना पंच. माणिकबाईनं स्वतःच हात टेबलावर ठेवला, तळवा वर, आणि या वेळी डोळे मिटले नाहीत. कापूस फिरला, गार लागलं. सुई आत गेली ती दिसली, पण कळली नाही. काचेच्या पट्टीवर थेंब, त्यावर दुसऱ्या बाटलीतल्या पाण्याचा थेंब, वर नखाएवढं काचेचं झाकण, आणि झाकणाच्या चारी कडा ललितानं मेणानं लिंपल्या, पिंपळपानावर शेंदूर लिंपावा तशा एका बोटानं, एका फेऱ्यात. आत हवा शिरली नाही पाहिजे, म्हणाली. रक्ताला हवा मिळाली नाही की ते आपलं खरं रूप दाखवतं. अर्धा तास लागतो.

"अन् तवरोक?"

"तवरोक चहा घे."

"याही वख्ताले चहा मागूनच," माणिकबाई म्हणाली.

चहा आला तो काचेच्या दांडीवाल्या भांड्यात, ज्यात एरवी काय उकळत असतील ते विचारायचं तिनं टाळलं. टेबलाच्या लाकडी चौकटीत नळ्या उभ्या होत्या, त्या दिवशीच्याच. प्रत्येकीवर कागदाची चिठी, चिठीवर आकडा. एक, दोन, तीन. एकीवर मात्र आकडा नव्हता, अक्षरं होती, निळ्या शाईनं सावकाश काढलेली. माणिकबाईनं ती मनातल्या मनात लावली. गो. व. र्ध. न. इतरांची रक्तं रांगेत होती, ही नळी जरा बाजूला, खिडकीशी. दहा दिवस जे ती मनात घोळवत आली होती, मास्तर बुटका वाटला असेल, ते सगळं त्या एका चिठीपाशी येऊन खाली बसलं. मग ही थांबवते कशासाठी? आणि पहिल्यांदा तिला भीती वाटली. राग होता तोवर भीतीला जागा नव्हती.

ललितानं टेबलाचा खण ओढला, रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. चांदीचे दोन वाळे. इवलेसे, यांत कधी पाय मावत होता हे खरं वाटू नये एवढे. एक गोल होता, एक चेपलेला. रांगताना दाराच्या फटीत सापडून चेपला होता तो. बुधाजी सोनाराकडे नेणार होता, राहून गेलं.

"वापस देऊन राहिली?"

"थांब. आधी दुसरं सांगतो," ललिता म्हणाली आणि वाळे पुढ्यात मांडले. "आत्या, प्रत्येक माणसाच्या रक्ताची अशी जोडी असते. एक वाळा मायकडून भेटते, एक बापाकडून. ही जोडी म्हंजे तू. एक नीट, एक चेपलेला."

"मी?"

"तू. एक नीट असला की माणूस चालते. दिसतबी नाई की दुसरा चेपला हाये. मामाजीचीबी जोडी अशीच असन, नाई तं हिशोब बसतच नाई." मामाजी म्हणजे पुंजाजी; तो जाऊन पाच वर्षं झाली होती, त्याचं रक्त आता कोण तपासणार. "लेकराले देताना मायबाप आपल्या जोडीतला एक एक वाळा देतात. पण डोळे झाकून देतात. कोणता हाती लागन ते कोणाच्याच हातात नसते. गोवर्धनच्या वख्ताले एकाचा नीट आला, एकाचा चेपलेला. शेषूदादाच्या वख्ताले दोघायचाबी चेपलेलाच आला."

शेषूचं नाव त्या खोलीत, स्पिरिटच्या वासात, एका पोरीच्या तोंडून आलं, जी त्याच्या मरणानंतर पाच वर्षांनी जन्मली. माणिकबाईनं चहाचं भांडं खाली ठेवलं. "तुले शेषूचं कोणं सांगितलं?"

"बाबानं. लहानपणी. हात सुजे, डोळे पिवळे, हाड चावते म्हणे. मी विसरून गेली होती. मागच्या साली दर्यापूरकडचं एक लेकरू आलं वार्डात. तसंच. नागपूरहून आलेल्या डॉक्टरसाहेबानं त्याचं रक्त मले दाखवलं अन् मले शेषूदादा आठवला, ज्याले मी पाह्यलंबी नाई. मंग पहिलं रक्त मी माहंच काढलं."

"अन्?"

ललितानं चेपलेला वाळा उचलून स्वतःच्या पुढ्यात ठेवला.

बाहेर चिंचेखाली कुणीतरी सायकल लावत होतं, स्टँड लागत नव्हता, पुन्हा पुन्हा लोखंड खडखडत होतं. माणिकबाई त्या आवाजाकडे कान देऊन बसली. दोघांकडेही एक एक. मग दोघांच्या लेकराला. तिला कुणी पुढचं सांगायची गरज नव्हती. सुईत दोरा कसा ओवायचा ते एकदा कळलं की शिवण कुठं जाणार ते दिसतंच. तरी तिनं विचारलं, कारण विचारल्याशिवाय सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. "सगळ्याच लेकराले येते का दोन्ही?"

"नाई. चौघात एखाद्याले. कदाचित कोणालेच नाई येणार. कदाचित पहिल्यालेच येईन."

"औषध?"

"नाई, आत्या. दुखलं की दुखणं कमी करा लागते. तेवढंच."

पंचावन्न वर्षं. या चेपलेल्या वाळ्यानं ती पंचावन्न वर्षं बाळापूर, अकोला, जिनिंग, वेचणी अशी चालत आली आणि मान ताठ ठेवून सांगत आली की आमच्या रक्ताला खोट नाही. आत्यानं सून करून नेलं, घरचं रक्त घरात ठेवलं, आणि ज्याला ती गोडवा समजत होती त्यात हे मुरत होतं, पिढ्यान्पिढ्या, आवाज न करता. शरम वाटायला हवी होती. पण मनात शरमेच्या आधी दुसरंच काहीतरी उभं राहत होतं, एक अचंबा, की एवढं मोठं काही आपल्या अंगात होतं आणि आपण त्याच्यासकट भाकरी थापत होतो. "मले कधी डोकंबी नाई दुखलं," ती म्हणाली. तक्रार केल्यासारखी.

"नाईच दुखणार. एक चेपलेला असला तं दुखत नाई सहसा. उलटं हाये." ललिता स्टूल जवळ ओढून बसली, आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते माणिकबाईनं ओळखलं, शाळेतून नवीन कविता शिकून आला की गोवर्धनच्या डोळ्यांत येई ते. "डॉक्टरसाहेब सांगतात, ज्या मुलखात हिवताप लय, तठीच हे रक्त लय. ज्या लेकराजवळ एक चेपलेला वाळा असते त्याले हिवताप सहसा मारत नाई. हिवतापाचे जंतू अशा रक्तात नीट वाढतच नाईत. म्हणून तं हे इतक्या पिढ्या टिकलं. नुसतं वाईट असतं तं कवाचंच सरलं असतं."

मैना. माणिकबाईची पाठची बहीण, गुटगुटीत, काळ्या मातीत लोळणारी, माणिकच्या ताटातली भाकर ओढून खाणारी. माणिक सहा वर्षांची, हडकुळी, जिच्याकडे पाहून आजी म्हणे ही काय जगते. त्या साली पावसाळ्यानंतर बाळापुरात घराघरात हुडहुडी भरली. किल्ल्याखालच्या गल्लीत एका ओळीनं नऊ लेकरं गेली. दोघी बहिणी एकाच गोधडीखाली थडथडत होत्या, दात वाजत होते, दोघींचे दात एका लयीत. माणिक पाचव्या दिवशी उठून बसली आणि म्हणाली, भूक लागली. मैना उठली नाही. तेव्हापासून घरात म्हणत आले, माणिक चिवट आहे. तिनं ते ऐकलं, अंगाला लावून घेतलं, त्यावर अख्खा जन्म उभा केला: मी चिवट आहे, मला कोण काय करणार. आणि आता ही पोरगी सांगते की ते चिवटपण एक वाळा होता. ज्यानं तिला गोधडीखालून उठवलं त्यानंच शेषूला मोरणेच्या काठावरून नेलं. तोच. दुसरा कुणी नव्हे. मैनेला तो मिळाला नसेल, डोळे झाकून देणाऱ्यांनी तिला दोन्ही नीट दिले असतील, चांगले, गोल, चकचकीत, आणि ती गेली. यात न्याय कुठला शोधायचा? कुणाला शिव्या द्यायच्या? शिव्या देण्याच्या बाबतीत माणिकबाईला कधी अडचण पडली नव्हती. पहिल्यांदाच समोर कुणी सापडेना.

सायकलचा स्टँड एकदाचा लागला. त्या शांततेत तिनं ते विचारलं जे तिनं पुंजाजीला विचारलं नव्हतं, बुद्धाच्या तसबिरीला विचारलं नव्हतं. "ललिता. मी त्याले गार पाण्यानं न्हाऊ घातलं होतं. माघात. नदीवर. तो नाई म्हणत होता. त्यानं काही होते का?"

माणिकबाई ललिताच्या तोंडाकडे पाहत राहिली. नाही म्हणेल. पोरगी आहे, पांढरा कोट आहे, आत्या आहे समोर. म्हणेल, नाही आत्या, पाण्यानं काय होतंय. आणि तसं म्हणाली तर हिच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवायचा नाही, वाळ्यांवर नाही, कशावरच नाही, हे माणिकबाईनं त्या दोन क्षणांत ठरवून टाकलं.

"गार पाण्यानं दुखणं उठते, आत्या," ललिता म्हणाली. "खरं सांगतो, उठते. पण दुखणं पाण्यात नव्हतं. त्या दिवशी पाण्यानं उठलं, दुसऱ्या दिवशी तापानं उठलं असतं, नाई तं धावल्यानं. तुले ते माहीत नव्हतं. कोणालेच माहीत नव्हतं. आता माहीत हाये."

माणिकबाईनं मान हलवली. सत्तावीस वर्षांचा दगड कुणी उचलून नेला नाही. तो तिथंच होता, पण आता त्याला कडा दिसत होत्या, इथून इथपर्यंत, यापलीकडे नाही. अर्ध्या शब्दाचं खोटं बोलून ही पोरगी तिच्या मांडीवर डोकं ठेवू शकली असती. बोलली नाही. एवढ्या आयुष्यात माणिकबाईला असं तोंडावर खरं सांगणारं माणूस एकच भेटलं होतं, आणि ते ती स्वतः होती.

"ये, झालं असन," ललिता खिडकीशी उभी होती. यंत्राखालचा आरसा तिनं उजेडाकडे फिरवला. "एक डोळा लाव. पापणी नको हालवू."

आधी तिला स्वतःच्या पापणीचे केस दिसले, बोरूएवढे जाड. मग उजेडाचं तळं. मग तळ्यात पिवळसर टिकल्या, हजारो, गोल, एकमेकींना खेटून, अलग होऊन, संथ वाहत जाणाऱ्या. "हे कोणाचं?" "डॉक्टरसाहेबाचं. पहिले नीट रक्त पाहून घे." "साहेबाचंबी काढलं का?" "त्यायचं तं रोजच काढतो." मग काच सरकली, नवी आली, तळं हललं, थांबलं. टिकल्या होत्या, पण त्यांच्यामधून, त्यांच्या गर्दीतून, बारीक, दोन्ही टोकांना निमुळते, वाकलेले विळे. ज्वारीच्या सोंगणीचे विळे. एक, चार, दहा, नंतर मोजता येईनात. कुणी चालवत नव्हतं, कुणी धार लावली नव्हती. हवा मिळाली नाही म्हणून गोल ते वाकले आणि वाकून तसेच राहिले. ती पाहत राहिली. पाठ दुखायला लागली तरी उठली नाही. हे मी. मैनेच्या शेजारून उठलेली मी, शेषूची माय मी, हे माझं, हे माझ्या आत रोज सकाळी अंगण झाडतं, भांडतं, एस.टी.त बसतं. आणि हे दाखवलं कुणी, तर बाळापूरच्या गल्लीतल्या बुधाजीच्या पोरीनं, जिच्या आजीला दवाखान्याच्या पायरीवर बसू देत नव्हते. हातात कापूस घेऊन, पाव्हण्यांच्या देखत, स्वतःच्या लग्नाच्या बैठकीत, स्वतःच्या हातानं स्वतःचं जुळलेलं मोडणारी. केवढी छाती लागते त्याला. माणिकबाईनं शेतात, जिनिंगमध्ये, मोर्च्यात पुष्कळ छातीची माणसं पाहिली होती. अशी पाहिली नव्हती.

तिनं डोळा काढला. उजेडामुळं खोली क्षणभर काळी झाली, मग त्यातून ललिता उमटली, वाळ्यांची पुरचुंडी पुन्हा बांधत असलेली. गाठ नीट बसत नव्हती.

"तुले पसंत होता ना गोवर्धन?"

"होता काय, हाये," ललिता खाली पाहत म्हणाली, आणि पुरचुंडी पुढं केली.

माणिकबाईनं ती घेतली नाही. पुरचुंडीसकट पोरीची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली, आणि ज्या आवाजात ती पंचांना गप्प बसवी त्याच आवाजात म्हणाली, "ऐक. वाळे घालताना मी 'ही माही' म्हटलं होतं, सून नव्हतं म्हटलं. ते ठेव तुह्याजवळ. गोवर्धनले मी सांगीन, घरी जाऊन, तोंडानं. पोस्टकार्डाचं काम नाई ते. त्याच्यासाठी आता जी कोणती पोरगी पाहू, तिचं बोट तू टोचशील अन् हात मी धरीन, अन् कोणी नाई म्हणन त्याले पहिले माहं रक्त दाखवू. अन् जे वागली ते चुकलीच तू, ललिता, ते मी मरेपर्यंत म्हणीन. पाव्हण्याले आधी चहा देत जा. मंग टोचत जा."